अही का? आहे का?

मराठी वृत्तपत्रं इमानेइतबारे वाचणाऱ्या माणसाला ‘अर्थपूर्ण’ हा शब्द दिसला की त्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. अर्थपूर्ण चर्चा, अर्थपूर्ण वाटाघाटी, अर्थपूर्ण दुर्लक्ष. त्यामुळे परवा एका आर्किटेक्ट मित्राचा फोन आला आणि तो म्हणाला, ‘आदिम समुदायांचा गृहनिर्माण, नियोजन आणि निर्मित पर्यावरणाच्या आरेखनात अर्थपूर्ण सहभाग घ्यायचाय, येतोस का?’ तेव्हा मी आधी खिसा चाचपला. तो नेहमीसारखाच निरर्थक होता. म्हटलं, येतो.

काम सोपं होतं. त्याच्या संस्थेकडे आर्किटेक्ट म्हणून तो स्वतः होता, सामाजिक तज्ज्ञ होती, ड्रोन उडवणारा मुलगा होता, एवढंच नव्हे तर ड्रोनचा विमाही होता. वाडीवरची मराठी येणारं मात्र कुणी नव्हतं. स्लाइडांचं ‘सोप्या मराठीत’ भाषांतर करायचं, वाडीवर जाऊन दोन्हीकडचं दोन्हीकडे सांगायचं आणि शेवटी अहवाल लिहायचा. ‘निर्मित पर्यावरण म्हणजे काय रे?’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘घर, ओटा, गल्ली, मोरी, सगळंच.’ मग मोरीच म्हणा की! पण मोरीला मोरी म्हटलं तर गवंडी येतो. निर्मित पर्यावरण म्हटलं की सल्लागार येतो.

तर जानेवारीतल्या एका सोमवारी आम्ही रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरी वाडीवर निघालो. नाव सांगत नाही, कारण वाडीलाच ते सांगायची चोरी आहे. वाटेत दोन्ही बाजूंना फलक होते. निसर्गाच्या कुशीत सेकंड होम. डोंगराच्या कुशीत सेकंड होम. धबधब्याच्या कुशीत सेकंड होम. इतक्या कुशी एका तालुक्यात असतील असं मला भूगोलात कुणी शिकवलं नव्हतं. फर्स्ट होमचा फलक मात्र एकही नव्हता. त्यासाठीच तर आम्ही निघालो होतो.

वाडीत पोचलो तर वाडी नव्हती. म्हणजे झोपड्या होत्या, माणसं नव्हती. स्वागताला चार म्हाताऱ्या, सात-आठ पोरं, तापानं फणफणलेला एक बाप्या, शेळ्या आणि एक कुत्रं. सामाजिक तज्ज्ञ गोंधळली. तिच्या आराखड्यात तीस सहभागी होते, त्यात निम्म्या महिला. ‘बाकीचे कुठे आहेत?’ भाऊसाहेब म्हणाले, ‘भट्टीवर.’

भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. आता सरकारनं त्यांचं ‘ग्रामपंचायत अधिकारी’ केलंय, पण वाडीवर ते कालही भाऊसाहेब होते आणि उद्याही राहतील. त्यांनी खुलासा केला. पावसाळ्यात हाताला काम नसतं, तेव्हा कातकरी भट्टीवाल्याकडून पैसे अंगावर घेतो. दिवाळी झाली की ट्रक येतो आणि टोपल्या, कोंबड्या, पोरं यांच्यासकट कुटुंब भट्टीवर जातं. तिथं आठवड्याला खर्ची मिळते. विटा पाडायच्या, भाजायच्या, रचायच्या. हिशेब पावसाच्या तोंडावर. त्या हिशेबात बहुतेक वेळा थोडे पैसे अंगावर उरतातच, म्हणजे पुढल्या दिवाळीची सोय झाली.

‘म्हणजे हे लोक वर्षातले सहा-सात महिने विटा करतात?’ आर्किटेक्टनं विचारलं.

‘हो. पनवेलपासून पार कुठंकुठं जातात त्यांच्या विटा.’

‘आणि यांना पक्की घरं नाहीत?’

भाऊसाहेबांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू त्यानं सोनाराच्या बायकोचे दागिने मोजायला मागितले होते.

मग ग्रामसभेचं काय, हा प्रश्न आला. सभेच्या ठरलेल्या तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. जानेवारीत वाडी भट्टीवर. मे महिन्याच्या एक तारखेला बहुतेक वाडी भट्टीवर. १५ ऑगस्टला माणसं असतात, पण वाट चिखलात असते. उरला गांधीजयंतीचा दिवस, त्या दिवशी व्यसनमुक्तीची शपथ असते. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. लोकशाहीनं गैरहजर माणसाची केवढी काळजी घेतली आहे पाहा. शेजारच्या ठाण्या-पालघरातल्या अनुसूचित गावांना निदान १९९६ चा पेसा कायदा आहे, त्यात ग्रामसभेचा शब्द वजनदार. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. म्हणजे वाडीतली माणसं सरकारच्या यादीत आदिम, पण ज्या मातीवर ती उभी आहेत ती माती बिनआदिम.

आता योजनेबद्दल दोन शब्द, कारण ती खरी आहे आणि तिच्यातले पैसेही खरे आहेत. १५ नोव्हेंबर २०२३ ला, बिरसा मुंडांच्या जयंतीला ‘पीएम-जनमन’ सुरू झाली. देशातल्या ७५ अतिअसुरक्षित आदिवासी समूहांसाठी. त्यातले महाराष्ट्रातले तीन, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. घराला दोन लाख, रोजगार हमीची मजुरी आणि संडासाचे पैसे वेगळे. क्षेत्रफळ कमीत कमी २५ चौरस मीटर. म्हणजे २६९ चौरस फूट. फलकावरच्या सेकंड होममध्ये एवढी जागा मालकाच्या गाडीला मिळते, पण ते असो. घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं, ठेकेदार नेमायचा नाही, असा चांगला नियम आहे. ठेकेदार नियमात नाहीच. तो वाडीत आहे.

सहभागाचा पहिला टप्पा होता ‘स्वप्नातलं घर’. पोरांना कागद आणि रंगीत खडू वाटले. पोरांनी पाठ्यपुस्तकातलं घर काढलं. उतरतं लाल छप्पर, मागं दोन डोंगर, मधून सूर्य, बाजूला नारळ. वाडीत नारळ औषधालाही नव्हता. एका सात-आठ वर्षांच्या मुलीनं मात्र भलतंच काढलं. मधोमध तपकिरी रंगाचा पायऱ्यापायऱ्यांचा मोठा ढीग, त्याच्या फटीफटींतून धूर आणि पायथ्याशी मुंगीएवढी त्रिकोणी खोपटी. सामाजिक तज्ज्ञेच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘किती सुंदर! धुराडं असलेलं घर!’ आणि तिनं वहीत लिहिलं, ‘समुदायाची धुराड्याची आग्रही मागणी.’

मी त्या मुलीला विचारलं, ‘काय गं हे?’

ती म्हणाली, ‘भट्टी. आमी हितं ऱ्हातो.’ आणि मुंगीएवढ्या खोपटीवर तिनं बोट ठेवलं. ताप आलेला बाप्या तिचा बाप होता, त्याला घेऊन ती दोन दिवसांसाठी वाडीवर आली होती.

मी ते भाषांतर करून सांगितलं. पण वहीत पेनानं लिहिलं होतं.

मग आम्ही जुनं घर बघायला गेलो. सगळ्यात म्हातारी आजी आम्हाला आत घेऊन गेली. कारवीच्या काड्यांचा कूड, आतबाहेर शेणमातीनं लिंपलेला. दार इतकं ठेंगणं की आर्किटेक्टला आयुष्यात प्रथमच ग्राहकापुढं वाकावं लागलं. आत कोपऱ्यात चूल. चुलीवर हातभर उंचीला बांबूची मांडणी टांगलेली, धुरानं काळी कुळकुळीत. तिच्यावर फडक्यात बांधलेलं काकडी-भोपळ्याचं बी, सुकी मासळी, गुंडाळलेलं जाळं.

‘आजी, धुराचा त्रास होतो ना?’ आर्किटेक्टनं विचारलं, मी सांगितलं.

‘डोलं चुरचुरतात की. पन धूर नाय लागला त बी किडतंय, बांबूला भुंगा लागतोय. धूर हाय म्हनून घर हाय.’

त्यानं टॅबवर टिपलं: धूर, समस्या.

शेजारी तिच्या पुतण्याचं घरकुल होतं. मागच्या कुठल्याशा योजनेतलं, पुरं झालेलं. दारावर योजनेचं नाव, लाभार्थ्याचं नाव, रक्कम. फोटोसकट अक्षांश-रेखांश सरकारकडे जमा. आत डोकावलो तर एका बाजूला सरपण, दुसऱ्या बाजूला शेळ्या. चूल बाहेर, ताडपत्रीखाली, कारण आत पेटवली तर धुराला जायला वाट नाही आणि उन्हाळ्यात स्लॅब रात्रभर तापलेला असतो. ‘मग इथं राहतं कोण?’ मी विचारलं.

‘शेल्या,’ आजी म्हणाली. ‘त्यांना आवडलाय.’

इथं आर्किटेक्टला साक्षात्कार झाला. तो उजळून म्हणाला, ‘मी म्हणत नव्हतो? सिमेंट यांच्यावर लादलं गेलंय. आपण मातीची घरं देऊ. कारवी, बांबू, शेण. स्थानिक ज्ञान!’ हे मी मोठ्या उत्साहानं आजीला सांगितलं. आजीनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

‘दरसाल कारवी कोन आननार? हा? तोडायला गेलं त जंगलवाला धरतो. पावसात कूड कुजतो, जनावर आत येतं. माझी सून दोन सालामागं पानकापड धरून उभी होती रातभर, पोर भिजू नये म्हनून. मला शिमिटाचाच पायजे. फकस्त चुलीला वाट ठेवा, म्होरं पडवी ठेवा, आन शेल्यांना येगला जागा द्या.’

पाहा, म्हातारीनं चार वाक्यांत आराखडा दिला. आणि असं नाही की हे कुणाला सुचलंच नव्हतं. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानं आयआयटी दिल्ली आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाला हाताशी धरून ‘पहल’ नावाचा एक देखणा संग्रह काढलेला आहे. प्रकृती, हुनर, लोकविद्या. त्या त्या भागातलं हवामान, सामान आणि कारागिरी पाहून घरांचे नमुने. भाऊसाहेबांना त्याच्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, ‘वरून एकच नकाशा आलाय, व्हॉट्सअ‍ॅपवर. तो धुरकट दिसतो, पण उघडतो.’ थोडक्यात, धुराला वाट फक्त नकाशात होती.

मातीच्या घराचं आणखी एक सांगायचं राहिलं. आजीची सून त्या दिवशी भट्टीवर नव्हती, तिनं जवळच काम धरलं होतं. डोंगरापलीकडे एक रिसॉर्ट आहे, तिथं ‘ट्रायबल स्टे’ म्हणून आठ खोल्या आहेत. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, आत एसी. दर शनिवारी पाहुणे यायच्या आत भिंती सारवाव्या लागतात, म्हणजे ‘ऑथेंटिक’ वास येतो. सून तिथं रोजानं सारवते. मुंबईचा माणूस एका रात्रीला जेवढे मोजून तिच्या घरात झोपतो, तेवढ्यात तिचा महिना निघतो. आम्हाला त्यांचं घर हवंय आणि त्यांनी आमच्यात राहावं असंही आम्हाला वाटतं. अदलाबदलीचा हा करार दोन्ही बाजूंनी आम्हीच लिहितो आहोत.

दुपारी अंगणवाडीत सादरीकरण झालं. पडद्याऐवजी बेडशीट. सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांचं २००७ चं मूळनिवासींच्या हक्कांचं घोषणापत्र. त्यातलं २३वं कलम सांगतं की या समाजांना आपल्या घरांच्या योजना ठरवण्यात सक्रिय सहभागाचा हक्क आहे. भारतानं बाजूनं मत दिलं होतं. सोबत पुस्तीही जोडली होती की स्वातंत्र्याच्या वेळची भारताची सगळीच प्रजा आणि तिचे वारस हे मूळनिवासी. त्या न्यायानं मी मूळनिवासी, आर्किटेक्ट मूळनिवासी, रिसॉर्टवाला मूळनिवासी आणि सेकंड होमवाला दोनदा मूळनिवासी. अंगणवाडीत बसलेल्या सर्वांत नवख्या चारच, त्या म्हाताऱ्या. त्यांना आपण मूळनिवासी आहोत हे त्या दिवशीच कळलं.

मग न्यूझीलंड आलं. आर्किटेक्ट तिथं एका परिषदेला जाऊन आलाय, त्यामुळे आमच्याकडच्या प्रत्येक सादरीकरणात न्यूझीलंड येतंच. ऑकलंड शहराच्या डिझाइन मॅन्युअलमध्ये ‘ते आरंगा’ नावाची सात तत्त्वं आहेत. गोष्ट खरोखर थोर आहे. ती तिथल्या मूळनिवासी माओरी लोकांनी स्वतः मांडली, सल्लागारानं नाही. म्हणूनच पहिलं तत्त्व भिंतीच्या रंगाबद्दल नाही. पहिलं तत्त्व ‘माना’. या भूमीवर ज्यांचा मान आहे त्यांचा मान आधी मान्य करा, बाकीचं नंतर. आर्किटेक्टनं ती स्लाइड पटकन पुढं ढकलली आणि सातव्यावर थांबला. मोठा, भरदार आवाज काढून म्हणाला, ‘अही का!’

आजी कान देऊन बसली होती. तिनं मला कोपरानं ढोसलं. ‘काय हाय का इचारतोय तो?’

‘काही नाही आजी, त्यांच्या भाषेतला शब्द आहे. अही म्हणजे आग, विस्तव. अही का म्हणजे पेटती चूल. ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या ज्या जागेवर चूल विझू दिली नाही, त्याचा त्या जागेवर हक्क. असं त्या लोकांत मानतात.’

आजी थोडा वेळ गप्प बसली. बोटांवर काहीतरी मोजलं.

‘माझी चूल हितंच. माझ्या सासूची हितंच. सासूच्या सासूची बी हितंच, त्या टायमाला डोंगरातनं काथ करून आनायचे. मंग जागा आमची हाय?’

भाऊसाहेबांना खोकला आला.

जागा शेठची होती. रायगड-ठाण्यातल्या कितीतरी कातकरी वाड्या अशाच दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर वसलेल्या आहेत. कुणा खोतानं, कुणा बागायतदारानं राबायला माणसं हवीत म्हणून वसवलेल्या, आणि मग जमिनीचे भाव चढले तेव्हा लक्षात आलेल्या. जमिनीचा शेठ वेगळा, भट्टीचा वेगळा, रिसॉर्टचा वेगळा. कातकऱ्याच्या वाट्याला दुसरं काही नसलं तरी शेठ भरपूर. जागा नावावर नाही म्हणून नमुना आठवर नोंद नाही. नोंद नाही म्हणून घर नाही. शेठनं ‘हरकत नाही’ लिहून दिलं तर काही होईल, पण हल्ली शेठला हरकत आहे. तीही फलकाएवढी.

यावरही योजना आहे, नाही असं नाही. घरकुलासाठी जागा विकत घ्यायला दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. पाचशे चौरस फुटांपर्यंत, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून कमी, आणि मदत आता पन्नास हजारांवरून एक लाखापर्यंत वाढवलेली. निसर्गाच्या कुशीत एका लाखात अर्धा गुंठा कुठं मिळतो ते कुणाला ठाऊक असेल तर कृपया आधी मला कळवावं.

‘अरे, जागेचं काय सांगू?’ मी आर्किटेक्टला विचारलं. तो हळू आवाजात म्हणाला, ‘जागा आपल्या स्कोपमध्ये नाही. आपण फक्त निर्मित पर्यावरण बघतोय.’ पुढली स्लाइड आली: रंगाचे तीन पर्याय.

रंगांवर मात्र मनसोक्त लोकशाही झाली. पिवळा, निळा, फिका गुलाबी. हात वर करून मतदान. पोरांनी तिन्ही रंगांना हात वर केले, आजीनं एकालाही नाही. पिवळा निवडून आला.

जाता जाता मी आजीला विचारलं, ‘आणखी काही सांगायचंय?’ ती म्हणाली, ‘जून लागला का या. तवा समदी असतात. इचारायचं त तवा इचारा.’ हे मी कळवलं. आर्किटेक्ट हळहळला. निधी मार्चअखेर संपतो, त्यामुळे लोकांना विचारायचं ते लोक नसतानाच विचारावं लागतं. मला उगाच गडचिरोलीतलं मेंढा-लेखा आठवलं. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर ज्या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, ते. तिथं आधी अभ्यासगट बसतो, मग ग्रामसभा, आणि एकाचाही विरोध असेल तर विषय पुन्हा चर्चेला, बहुमतानं रेटायचा नाही. असल्या गावात आमचा कार्यक्रम साडेचारला संपला नसता. गाडी साडेचारलाच निघायची होती.

गाडीत बसण्यापूर्वी चप्पल घ्यायला मी पुन्हा आजीच्या दाराशी गेलो. ती चुलीपुढं उकिडवी बसली होती. लाकडं मागं ओढून तिनं निखारे गोळा केले आणि वर अलगद राख पसरली. संध्याकाळी फुंकर मारली की पेटेल, काडेपेटी लागत नाही. तिनं ते मला दाखवण्यासाठी केलं नव्हतं. ती ते रोज करते. बाहेरून हॉर्न वाजत होता.

घरी येऊन अहवाल लिहिला. सरकारी मराठीची एक खुबी आहे, तिच्यात कर्ता नसतो. ‘सहभाग घेण्यात आला.’ कुणी घेतला, कुणाचा घेतला, परत दिला का, काही नाही. बैठक झाली आहे का? होय. फोटो आहेत का? होय. अंगठे आहेत का? होय, तीस. चार म्हाताऱ्यांना हाताची बोटं भरपूर होती. धुराड्याची मागणी नोंदवण्यात आली आणि ‘स्वच्छ इंधनाबाबत प्रबोधन करावे’ असा शेरा मारून निकाली काढण्यात आली. जागेसाठी रकाना नव्हता.

शेवटी एक ओळ उरली होती: ‘समुदायाच्या अन्य सूचना असल्यास.’ तिथं मात्र माझ्यातला कर्ता जागा झाला. मी आजीचा प्रश्न शब्दशः लिहिला: ‘जागा आमची आहे का?’

महिन्याभरानं छापील अहवाल आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर त्या मुलीचं चित्र, खाली ओळ: ‘माझ्या स्वप्नातलं घर’. शेवटचं पान उघडलं. संपादकांनी जागेची कपात केली होती. म्हणजे ‘जागा’ आणि ‘आमची’ हे शब्द जागेअभावी गाळले होते आणि उरलेलं शुद्धलेखन तपासून दुरुस्त केलं होतं. पानभर मोठ्या अक्षरांत, भोवती माओरी नक्षी काढून छापलं होतं, ‘अही का!’ आणि खाली बारीक अक्षरात: हे तत्त्व कातकरी समुदायाने एकमताने स्वीकारले आहे.